वाट रुसते

२४ मार्च १९९१ रोजी डायरव्हिल जायंट पडला. मैलभर लांब राहणाऱ्या एका माणसाला वाटलं, आगगाडीला अपघात झाला. पडताना उडालेला चिखल शेजारच्या झाडाच्या खोडावर पंधरा फूट उंच जाऊन चिकटला. हा जायंट म्हणजे एक रेडवुड वृक्ष, उंची सुमारे ३६० फूट. मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फुटांचा. त्याच्या डोक्यावर आणखी आठ मजले चढवा, मग बरोबरी होईल. वयाचे अंदाज सोळाशे ते दोन हजार वर्षांचे. म्हणजे ते रुजलं तेव्हा आपल्या दख्खनवर सातवाहन होते की वाकाटक, एवढाच काय तो वाद. आणि पडण्याचं निमित्त अगदी किरकोळ. आठवडाभर आधी जवळचं एक झाड कोसळताना दुसऱ्याला धडकलं, ते दुसरं कललं, आणि कललेलं ते शेवटी याच्या अंगावर आलं.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने चार-पाच तासांवर, हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्क आहे. तिथल्या फाउंडर्स ग्रोव्ह या राईत हे झाड अजून पडल्या जागी आडवं आहे. कुणी ते उचललं नाही, कापून विकलं नाही. राईतून अर्ध्या मैलाची एक सपाट वाट गोल फिरून पुन्हा सुरुवातीला येते. चालायला वीस मिनिटं पुरतात. आम्हाला दीड तास लागला, कारण बरोबर माझी आत्या होती. वय ७४, गुडघ्याला पट्टा, पायात नातवाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट आणि खांद्याला शबनम. पडलेल्या खोडाच्या कडेने तिने शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पावलं मोजायला घेतली आणि शंभरापुढे मोजणी चुकली म्हणून सोडून दिली. बुंध्याशी पोचलो तेव्हा समोर उपटलेल्या मुळांची भिंत उभी. माती कधीच धुऊन गेलेली, काळपट, गुंतागुंतीची. आत्याने ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "अरे, एवढ्या झाडाला मुळं एवढीच?"

प्रश्न बरोबर होता. एवढं झाड म्हटल्यावर मुळं पाताळात गेलेली असणार, असं आपण धरून चालतो. रेडवुडला मुळात सोटमूळच नसतं. त्याची मुळं सहा ते बारा फुटांच्या खाली सहसा जात नाहीत. ती आडवी पसरतात, बुंध्यापासून शंभर-शंभर फूट, आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत अडकून बसतात. हे झाड एकट्याच्या बळावर उभं राहत नाही, राईच्या आधाराने राहतं. एक पडलं की आसपासच्यांचा तोल जातो तो यामुळेच. आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं तर अगदी वरच्या थरात, पालापाचोळ्याच्या खाली लगेच असतात. म्हणजे आपण बुंध्याजवळ जाऊन, मान वर करून, 'केवढं हे झाड' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडावरच उभे असतो.

जुन्या रानातली पायवाट ही काय चीज आहे, ते इथून समजायला लागतं. डोंगरातली वाट माणसाला मुक्कामी पोचवण्यासाठी असते. रेडवुडच्या रानातली वाट माणसाला आवरण्यासाठी असते. ती आखणारा आधी मुळांचा विचार करतो, पायांचा नंतर.

आता 'जुनं रान' म्हणजे काय, हेही सांगायला हवं. नुसती म्हातारी झाडं असली म्हणजे रान जुनं होत नाही. कधीही सरसकट न तोडलेलं, सगळ्या वयांची झाडं एकत्र असलेलं, उभी वाळलेली खोडं आणि आडवी कुजणारी धुडं ज्यात तशीच राहू दिलेली आहेत, ते जुनं रान. कुजणाऱ्या धुडाचं महत्त्व उभ्या झाडाइतकंच. डायरव्हिल जायंटच्या पाठीवर आज शेवाळ आहे, नेचे आहेत, झुडपं आहेत. साफसफाईची हौस असलेल्या माणसाला हे रान गबाळं वाटेल. वाटो.

सदाहरित रेडवुड, शास्त्रीय नाव सिक्वोया सेम्परव्हिरेन्स, नैसर्गिकरीत्या जगात एकाच पट्ट्यात वाढतो. ओरेगनच्या दक्षिण टोकापासून कॅलिफोर्नियाच्या बिग सूरपर्यंत, समुद्राला लगटून, सुमारे सव्वासातशे किलोमीटर लांब आणि त्या मानाने अरुंद असा हा पट्टा. यापलीकडे तो का गेला नाही, याचं उत्तर धुक्यात आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. मात्र थंड समुद्रावरून रोज धुकं आत येतं, पानांच्या सुयांवर जमतं आणि टपटप खाली गळतं. वर्षभरात रानाला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असं धुक्यातून येतं, असं टॉड डॉसन या संशोधकाने १९९०च्या दशकात मोजून दाखवलं. थोडं पाणी पानं थेटच पिऊन टाकतात. साडेतीनशे फुटांवरच्या शेंड्याला मुळातून पाणी चढवणं किती जिकिरीचं, ते पाहता ही सोय बरीच शहाणपणाची.

झाड दांडगं, पण त्याचं फळ सुपारीएवढं आणि बी टोमॅटोच्या बीएवढं. बीवर त्याचा फारसा भरवसाही नाही. खोड तोडलं, जळलं, पडलं, तरी बुंध्याच्या गाठींतून नवे कोंब फुटतात. म्हणून या रानात ठिकठिकाणी झाडं रिंगण करून उभी दिसतात. मधे काहीच नसतं. त्या रिकाम्या जागी कधीकाळी त्यांची आई होती. आपल्याकडे केळीचं खुंट काढलं की भोवती पिल्लं उभी राहतात, तसंच हे. फक्त इथली पिल्लं पाचशे वर्षांची.

वाटेच्या कडेला गालिचा पसरावा तशी तीन-तीन पानांची एक हिरवी वनस्पती होती. आत्या थबकली. "ही तर आंबुशी!" नातं अगदी बरोबर ओळखलं होतं. आपल्या कुंडीत आगंतुक उगवणारी आंबुशी आणि ही रेडवुडखालची आंबुशी, दोन्ही ऑक्झॅलिस कुळीच्या. चवही तशीच आंबट. पण हिची एक खोड आपल्या आंबुशीपेक्षा नाट्यमय आहे. रेडवुडखाली अंधार इतका, की वरून एखादा कवडसा उतरला तर तो हिला सोसत नाही. आम्ही उभे होतो तिथे झाडांच्या फटीतून उन्हाचा रुपयाएवढा तुकडा पानांवर पडला. काही मिनिटांत तेवढीच पानं छत्री मिटल्यासारखी देठाशी खाली मिटली. शेजारची, सावलीतली, तशीच पसरलेली. ऊन सरकलं की ती पुन्हा उघडतात. आत्या वाकून एक पान खुडायला निघाली होती, मी हात धरला. एक तर खुडायला बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे त्यासाठी वाट सोडून दोन पावलं आत जावं लागलं असतं. "दोन पावलांनी काय होतंय?" ती म्हणाली. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईल.

आधी हे रान वाचलं कसं, ते थोडक्यात. १८४९च्या सोन्याच्या धावपळीपूर्वी इथे रेडवुडचं रान सुमारे २० लाख एकर होतं. लाकूड सरळ, हलकं, न किडणारं. १९०६च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभं राहिलं ते बरंचसं याच लाकडावर. आज जुनं रान उरलंय सुमारे पाच टक्के. शंभर एकरांतले पंच्याण्णव गेले.

उरलं ते उरण्यामागे एका छायाचित्रकाराचा राग आहे. १८९९ मध्ये सांताक्रूझच्या डोंगरात वणवा लागला आणि पाणी पुरेना तेव्हा तळघरातली वाइन ओतून तो विझवला, अशी बातमी झाली. त्या बातमीसाठी फोटो हवेत म्हणून एका इंग्रजी मासिकाने अँड्र्यू हिल यांना पाठवलं. फेल्टनजवळच्या एका खाजगी राईत त्यांनी फोटो काढले, तर मालक आडवा आला. माझी झाडं, माझ्या परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. दोन हजार वर्षांच्या झाडावर एका माणसाची अशी मालकी असू शकते, हे हिल यांना सहन झालं नाही. १९०० मध्ये सेम्परव्हिरेन्स क्लब निघाला आणि १९०२ मध्ये बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचं आज सर्वांत जुनं असलेलं राज्य उद्यान जन्माला आलं. याच बिग बेसिनचा ९७ टक्के भाग ऑगस्ट २०२०च्या वणव्यात होरपळला. काळ्याठिक्कर खोडांवर काही महिन्यांत बाटली धुण्याच्या ब्रशासारखी हिरवी पालवी फुटली. साल फूटभर जाड असू शकते आणि तिच्यात टॅनिन भरपूर, राळ जवळजवळ नाही. एवढं असूनही जी जळली ती जळलीच. पण बहुसंख्य मोठे रेडवुड तगले.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात झाकू नये. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द रेडवुड्स लीगने हजारो एकर रान विकत घेऊन वाचवलं. तिच्या संस्थापकांतले एक मॅडिसन ग्रँट. गोऱ्या 'नॉर्डिक' वंशाचं श्रेष्ठत्व सांगणारं पुस्तक त्यांनी दोनच वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. झाडांच्या प्राचीन कुळाबद्दल एवढी आस्था आणि माणसांबद्दल ही. आज त्या सावलीत आत्यासारख्या सातारच्या बाईने चिवडा खात हिंडावं, हे ग्रँटसाहेबांना मुळीच रुचलं नसतं. मला त्यात थोडं समाधान आहे.

तर रान विकत घेतलं, कुंपण नसलं तरी कायद्याचं कडं घातलं. मग झाडं सुरक्षित झाली का? फाउंडर्स ग्रोव्हच्या अगदी जवळ बुल क्रीक नावाचा ओढा ईल नदीच्या दक्षिण फाट्याला मिळतो. त्याच्या काठची राई जॉन रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून वाचली. सुमारे दहा हजार एकरांचं ते सलग जुनं रान आज रॉकफेलर फॉरेस्ट म्हणून ओळखलं जातं. मोठी झाडं खोऱ्याच्या तळाशी, गाळाच्या सपाटीवर होती. ती घेतली. वरचे उतार लाकूडवाल्यांकडे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते उतार बोडके झाले, आणि १९५५च्या डिसेंबरात पूर आला तेव्हा वरून माती, गोटे, ओंडके सगळं ओढ्यात उतरलं. ओढा फुगला, रुंदावला, काठ खाल्ले. पाचशेहून अधिक महाकाय झाडं गेली. एकालाही कुऱ्हाड लागली नव्हती.

तीच चूक उत्तरेला रेडवुड क्रीकवर पुन्हा झाली. १९६३ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या चमूला तिथे तेव्हाचं जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड सापडलं. त्या राईला टॉल ट्रीज ग्रोव्ह म्हणतात. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव मैल एवढीच चिंचोळी पट्टी त्यात आली. नकाशावर ती इतकी वळवळती दिसे की लोक तिला 'अळी' म्हणत. वर तोड चालूच. शेवटी १९७८ मध्ये काँग्रेसने उद्यानात ४८,००० एकरांची भर घातली, आणि त्यातला बहुतेक भाग आधीच तोडून झालेला होता. बोडके डोंगर राष्ट्रीय उद्यानात कशाला? खालच्या राईला जगवायचं म्हणून. त्या डोंगरांवर ट्रकच्या रस्त्यांचं जाळं होतं, आणि पावसाळ्यात प्रत्येक रस्ता माती खाली पाठवत होता. मग उलटं काम सुरू झालं. ज्या बुलडोझरने रस्ते केले, त्याच जातीच्या यंत्रांनी ते मिटवायचे. ओढ्यांवर टाकलेला भराव उकरायचा, खणलेला उतार परत भरायचा, पाण्याला त्याची जुनी वाट मोकळी करून द्यायची. हे काम आजही संपलेलं नाही. रस्ता बांधण्याच्या कंत्राटाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. रस्ता पुसण्याचं कंत्राट मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आता आत्याच्या दोन पावलांकडे येऊ.

२५ ऑगस्ट २००६ रोजी ख्रिस अ‍ॅटकिन्स आणि मायकल टेलर या दोघा झाडशोध्यांना रेडवुड राष्ट्रीय उद्यानाच्या आडबाजूला एक रेडवुड सापडला. मोजला तर ११५.५ मीटर. अजून वाढतोय, नंतरच्या मापात ११५.९ भरला. हायपेरियन हे नाव त्याला मिळालं. जगातलं सर्वांत उंच ज्ञात जिवंत झाड. त्याची जागा गुप्त ठेवली होती. तिथे वाट नव्हती आणि आजही नाही. पण इंटरनेटवर गुप्त काय राहतं? जागेचे आकडे फुटले आणि लोक झाडी तुडवत, ओढे ओलांडत जाऊ लागले. पोचल्यावर दिसायचं काय? बुंधा. शेंडा खालून दिसतच नाही, आणि बुंधा शेजारच्या कितीतरी झाडांपेक्षा बारीक. तरी प्रत्येकाला त्याला पाठ टेकवून फोटो हवा. काही वर्षांत बुंध्याभोवतीचे नेचे नाहीसे झाले, माती टणक झाली. चांगल्या रानमातीत निम्मी जागा हवा आणि पाणी यांची असते, पाऊल ती जागा दाबून टाकतं. एक पाऊल विसरलं जातं. पण दुसरा माणूस पहिल्याच्या पावलावर पाऊल ठेवतो, तिसऱ्याला ती वाट वाटते, आणि चौथ्याला ती कुणीतरी मुद्दाम केलेली वाट वाटते. मग वाटेला फाटे फुटतात, लोक आडोशाला जातात, कागद आणि घाण मागे राहते. २०२२ मध्ये उद्यानाने तो भाग बंद केला. पकडले गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याच दुखण्यावर तासाभराच्या अंतरावर दुसरं औषध झालं. जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये ग्रोव्ह ऑफ टायटन्स ही राई आहे. ती १९९८ मध्ये मायकल टेलर आणि झाडांच्या शेंड्यांवर चढून अभ्यास करणारे स्टीव्ह सिलेट यांना सापडली. तिचंही ठिकाण फुटलं, तिथेही चोरवाटांचं जाळं झालं. इथे बंदी घातली नाही. जमिनीपासून उचललेली, जाळीदार धातूची पाऊलवाट बांधली, सुमारे १,३०० फूट लांब. जाळीतून पाऊस खाली जातो, उजेड जातो, नेचे वाटेखालून वाढू शकतात. पायाखाली मुळं असतात पण पाय त्यांना लागत नाही. २०२२ मध्ये ती पूर्ण झाली. माहितीफलकांचा मजकूर तिथल्या टोलोवा डी-नी या आदिवासींनी लिहिलाय.

दोन्हींपैकी बरोबर कोणतं? मला विचाराल तर दोन्ही, पण कौतुक दुसऱ्याचं. बंदी घालायला एक पाटी लागते. वाट बांधायला पैसा लागतो, आणि लोक येणारच आहेत हे कबूल करण्याची तयारी लागते. शिवाय हायपेरियनकडे जाणाऱ्याला झाड पाहायचं नसतं, विक्रम पाहायचा असतो. विक्रमासाठी रान तुडवू द्यावं, असं मला वाटत नाही. ग्रोव्ह ऑफ टायटन्समध्ये गेलेला माणूस निदान मान वर करून चालतो.

साधी मातीची वाट राखणं हेही कसबाचं काम आहे. डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न धावता आडवं ओलांडून जातं. वाट एकदा ओहोळ झाली की ती दर पावसाळ्यात खोल होते, चालणारे कडेने जातात आणि रुंदी वाढते. सह्याद्रीतल्या गर्दीच्या गडवाटा ज्याने पाहिल्यात त्याला हे निराळं सांगायला नको. रेडवुडमध्ये भरीला पडझड असते. आठ-दहा फूट जाडीचं धूड वाटेवर आडवं येतं तेव्हा ते हटवत नाहीत. माणूस जाईल एवढीच खाच कापतात. त्या खाचेतून जाताना दोन्ही हातांना वर्तुळं लागतात, शतकानुशतकांची, आणि नाकाला ओल्या लाकडाचा, थोडा चहापत्तीसारखा वास.

आता चिवड्याबद्दल. एका बाकावर बसून आत्याने डबा उघडला आणि मूठभर चिवडा घेताना चार शेंगदाणे, थोडे पोहे खाली सांडले. कुठूनतरी एक निळाजांभळा तुरेवाला पक्षी आला, स्टेलर्स जे. दाणा घेऊन गेला. पाच मिनिटांत तिघे झाले. आम्हाला गंमत वाटली. बाकाजवळची पाटी मी नंतर वाचली आणि खाली बसून पोहे वेचले.

पाटीवर सांगितलेली गोष्ट अशी. मार्बल्ड मर्लेट हा समुद्रपक्षी आहे. आपल्या पारव्यापेक्षा लहान, मासे खातो, आयुष्य पाण्यावर काढतो. तो घरटं कुठे करतो, हे पक्षीतज्ज्ञांना कितीतरी वर्षं कळत नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये झाडाच्या फांद्या छाटायला चढलेल्या एका कामगाराला उंचावरच्या शेवाळलेल्या फांदीवर त्याचं पिल्लू दिसलं. समुद्रपक्षी मैलोगणती आत येऊन जुन्या झाडांच्या जाड फांद्यांवर एकच अंडं घालतो, तेही घरटं न बांधता. शेवाळाची गादी पुरेशी जाड व्हायला शतकं लागतात, म्हणून कोवळं रान त्याच्या कामाचं नाही. त्याच्या अंड्यांचे मोठे चोर म्हणजे स्टेलर्स जे आणि डोमकावळे. सहलीला आलेल्यांच्या खरकट्यावर त्यांची संख्या वाढते, आणि तळाशी चरून झालं की ते वर शोधायला जातात. म्हणून या उद्यानांत तुकडासुद्धा खाली ठेवू नका, अशी मोहीम चालते. दोनशे फूट खाली सांडलेला शेंगदाणा आणि दोनशे फूट वरचं अंडं, यांचा संबंध आत्याला समजावला. ती गप्प झाली, मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "पाटी जरा मोठी लावायला हवी होती."

बे एरियात मुलांकडे आलेल्या मराठी आई-बाबांना जी राई हमखास दाखवली जाते ती म्युअर वुड्स. तिच्याबद्दल एवढंच, की १९०७ मध्ये एका पाणी कंपनीने धरणासाठी ती सक्तीने घ्यायचा घाट घातला, तेव्हा मालक विल्यम केंट यांनी २९५ एकर रान थेट केंद्र सरकारला देऊन टाकलं आणि जानेवारी १९०८ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक केलं. नाव स्वतःचं न देता निसर्गरक्षक जॉन म्युअर यांचं द्यावं, असा केंट यांचा आग्रह. गंमत म्हणजे पाचच वर्षांनी हेच केंट काँग्रेसमध्ये हेच-हेची खोऱ्यातल्या धरणाच्या बाजूने उभे राहिले, ज्या धरणाविरुद्ध म्युअर जिवाच्या आकांताने लढत होते. म्युअर वुड्सच्या मुख्य वाटेवर आज मुळांवरून उचललेली लाकडी फळ्यांची वाट आहे, आणि कॅथीड्रल ग्रोव्हपाशी 'शांतता' अशी पाटी. पाटीने फरक पडतो का, हे संशोधकांनी मोजलंय. पडतो, सुमारे तीन डेसिबलचा. २०१८ पासून तिथे गाडी लावायला आधी नोंदणी करावी लागते.

क्लॅमथ नदीच्या काठचे युरोक लोक उत्तरेकडच्या रेडवुड रानात उद्यानं होण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. पडलेल्या रेडवुडच्या फळ्यांची त्यांची घरं, त्याच्याच खोडात कोरलेल्या त्यांच्या होड्या. १९२० मध्ये टी. टी. वॉटरमन या मानवशास्त्रज्ञाने युरोक भूगोलावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या वाटांबद्दल जे नोंदलंय ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. युरोकांच्या लेखी वाट सजीव आहे. तिच्याशी नीट वागावं लागतं. वाट सोडून बाहेर पडलात आणि रीत न पाळता पुन्हा तिच्यावर आलात, तर वाट रुसते. वाटेवर ठरावीक विसाव्याच्या जागा असत. बसायचं तर तिथे. मातीचा घट्टपणा मोजणारी उपकरणं येण्याच्या कितीतरी आधीची ही समजूत, आणि उद्यानांच्या आजच्या नियमावलीत तिच्यापेक्षा वेगळं फारसं काही नाही.

आत्याला हे गाडीत सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या झाडांना देव कुठला?" आमच्या गावच्या देवराईत काटकी उचलायची नाही, हे ती लहानपणापासून पाळत आलेली. इथे देव नाही, दंड आहे, असं म्हणालो. तिला ते पटलं की नाही कोण जाणे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडे जाणार असेल तर फाउंडर्स ग्रोव्ह म्हाताऱ्यांना, लहान मुलांना सोयीची. गुडघे धड असतील तर टॉल ट्रीज ग्रोव्ह चुकवू नका. त्यासाठी आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो, आणि परवान्याबरोबर फाटकाच्या कुलपाचा आकडा मिळतो. फाटकापुढे कच्च्या रस्त्याने गाडी, मग पायी, जाऊन-येऊन सुमारे सात किलोमीटर. इथे आपल्या गडांच्या उलटा हिशोब आहे. जाताना सातशे-आठशे फूट उतार, येताना तेवढाच चढ, तेव्हा पाणी परतीसाठी राखून ठेवा. फाटक उघडून गाडी आत घेतली की खाली उतरून ते पुन्हा ओढून घ्यायचं आणि कुलूप लावायचं.